छातीचा पट्टा नसताना व्यायामाच्या कॅलरी कशा काढायच्या: वेळ, वजन, वेग आणि वही

कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावरून फिरून आलेला 68 किलोचा माणूस मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये भरतो: भरभर चालणे, दीड तास. अ‍ॅप उत्तर देतं, 440 कॅलरी. पण त्या दीड तासात घरापासून तळ्यापर्यंत गाडीवर जाणं आलं, संध्यामठाच्या बाजूला थांबून मारलेल्या गप्पा आल्या आणि शेवटचा कटिंग चहाही आला. पायी चालणं झालं 50 मिनिटं, तेही मध्यम चालीनं. त्या चालण्यानं शरीराचा जादा खर्च झाला 140 कॅलरींच्या आसपास. म्हणजे अ‍ॅपचा आकडा तिप्पट निघाला, आणि त्या आकड्याच्या भरवशावर परतताना मिसळीची दुसरी तर्री मागवली गेली.

अ‍ॅपनं गुणाकार बरोबर केला. त्याला दिलेला वेळ चुकीचा होता, वेग चुकीचा होता, आणि बसल्या जागी जे खर्च होणारच होतं तेही त्यानं व्यायामाच्या खात्यात धरलं. हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा किंवा मनगटावरचं महागडं घड्याळ नसलं तरी या तिन्ही चुका टाळता येतात. त्यासाठी पुढच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. बहुतेक जण चौथ्या पायरीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

(या लेखात कॅलरी म्हणजे खाण्याच्या पाकिटावर किलोकॅलरी म्हणून छापलेली असते ती.)

## आधीची तयारी

चार गोष्टी लागतात: वजनकाटा, स्टॉपवॉच, मोजलेलं अंतर आणि एक वही.

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापिण्याआधी करा. काटा एकच ठेवा आणि तो फरशीवर सपाट ठेवा, सतरंजीवर नको. दुकानातल्या काट्यावर बुटांसकट केलेलं वजन हिशोबात धरू नका.

स्टॉपवॉच मोबाइलमधलंच चालेल. सुरू आणि बंद करायचं बटण न बघता दाबता आलं पाहिजे, नाहीतर थांबलेला वेळ मोजायचा राहून जातो.

अंतर एकदाच नीट मोजून ठेवायचं. रंकाळा, कळंबा तलाव, विद्यापीठाचा परिसर, जिथं रोज जाता तिथला तुमचा नेमका मार्ग गुगल मॅप्सवर अंतर मोजायच्या सोयीनं टिंब टिंब देत आखून घ्या. वळणावर जास्त टिंबं द्या. ‘रंकाळ्याची फेरी अमुक किलोमीटर’ असं कुणी सांगितलं तर ते वहीत लिहू नका. पदपथावरून गेलात, रस्त्याच्या कडेनं गेलात की मधूनच वळलात, यावर अंतर बदलतं. वहीत तुमच्याच मार्गाचं अंतर असायला हवं.

पावलांवरून अंतर काढणार असाल तर 400 किंवा 500 मीटरचा मोजलेला टप्पा रोजच्या चालीनं चाला आणि पावलं मोजा. 500 मीटरला 720 पावलं पडली तर एक पाऊल साधारण 69 सेंटिमीटरचं. मोबाइलमधली पावलं मोजणारी अ‍ॅप उंचीवरून पावलाची लांबी अंदाजानं धरतात. तो अंदाज वयस्कर माणसांच्या बाबतीत बऱ्याचदा जास्तीचा निघतो.

सूचना: छातीत दुखणं, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर मोजमाप सोडून थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल तर इथल्या आकड्यांवरून स्वतःच्या मनानं जेवण कमी करू नका.

## 1. खरा वेळ काढा

या पायरीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण सगळ्यात मोठी चूक इथंच होते.

अंग हलायला लागलं की स्टॉपवॉच सुरू, थांबलात की बंद. ओळखीचं कुणी भेटलं, फोन आला, सिग्नलला सायकल थांबली, पोहताना कठड्याला धरून उभे राहिलात, प्रत्येक वेळी बंद. घरी आल्यावर ‘दहा-पंधरा मिनिटं गप्पा झाल्या असतील’ असं आठवून वजा करू नका. गप्पांचा वेळ आठवणीत नेहमी आक्रसतो.

एक अपवाद मात्र आहे. जिममधलं वजन उचलणं, जोर-बैठका, फुटबॉल अशा व्यायामांचे जे सरासरी आकडे पुढे दिले आहेत, त्यांत दोन सेटमधली थोडी विश्रांती किंवा खेळातलं नेहमीचं उभं राहणं आधीच धरलेलं आहे. मिनिटभराचा दम घ्यायला थांबलात तर घड्याळ बंद करायची गरज नाही. पाच मिनिटं बाकावर बसून मोबाइल बघितला तर तो वेळ कापायचा.

तपासा: घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा वेळ आणि स्टॉपवॉचवरचा वेळ शेजारी शेजारी लिहा. दोन्ही जवळपास सारखे असतील तर स्टॉपवॉच बंद करायला तुम्ही विसरला आहात.

## 2. जोर किती लावला ते ठरवा

चालणं आणि पळणं असेल तर अंदाज बांधू नका, वेग काढा. मोजलेलं एक किलोमीटर किती वेळात झालं ते बघा:

- 15 मिनिटं: ताशी 4 किमी
- 12 मिनिटं 30 सेकंद: ताशी 4.8 किमी
- 10 मिनिटं 40 सेकंद: ताशी सुमारे 5.6 किमी
- 9 मिनिटं 20 सेकंद: ताशी सुमारे 6.4 किमी
- 7 मिनिटं 30 सेकंद: ताशी 8 किमी

‘मी भरभर चालतो’ म्हणणाऱ्यांना एक किलोमीटरची वेळ घ्यायला लावली की बहुतेकांची साडेबारा मिनिटांच्या पुढेमागे येते. त्यात कमीपणा काहीच नाही, ती आरोग्याला चांगली चाल आहे. फक्त वहीत ती मध्यम म्हणूनच लिहायची.

वेग काढता येत नाही अशा व्यायामासाठी बोलून बघायची कसोटी वापरा. व्यायाम सुरू असतानाच मोठ्यानं दोन-तीन पूर्ण वाक्यं बोला. गाणं म्हणता येत असेल तर जोर हलका. बोलता येतं पण गाताना दम तुटतो, तर मध्यम. चार-पाच शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तर जोरदार. कसोटी व्यायामाच्या मध्यावर घ्या. पहिल्या पाच मिनिटांत शरीर तापलेलं नसतं आणि शेवटी थकव्यामुळे सगळंच जोरदार वाटतं.

मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजणारेही आहेत. 15 सेकंदांचे ठोके मोजून चारनं गुणायचं, ही पद्धत जोराचा अंदाज घ्यायला ठीक आहे. पण रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके मुद्दाम कमी ठेवलेले असतात. त्या माणसाला नाडी काहीच नीट सांगत नाही, बोलण्याची कसोटी मात्र सांगते.

इशारा: घामावरून जोर ठरवू नका. एप्रिल-मेमधे सकाळी आठलाही शर्ट भिजतो आणि डिसेंबरात त्याच चालीला कपाळही ओलं होत नाही. घाम म्हणजे शरीर थंड ठेवायला सोडलेलं पाणी. रेनकोट किंवा जाड जॅकेट घालून फिरल्यावर काट्यावर कमी झालेलं वजनही पाणीच असतं आणि दुपारपर्यंत ते परत येतं.

## 3. व्यायामाचा आकडा निवडा

शांत बसलेलं शरीर दर किलोला, दर तासाला साधारण एक कॅलरी वापरतं. याला एक मेट म्हणतात. एखादा व्यायाम त्याच्या किती पट खर्च करतो, तो त्या व्यायामाचा मेट आकडा. खालचे आकडे व्यायामशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या यादीच्या 2011 च्या आवृत्तीतले आहेत, सोयीपुरते निवडलेले:

- सपाटीवर चालणं, ताशी 4 किमी: 3
- ताशी 4.8 किमी: 3.5
- ताशी 5.6 किमी: 4.3
- ताशी 6.4 किमी: 5
- पळणं, ताशी 8 किमी: 8.3
- पळणं, ताशी 9.7 किमी: 9.8
- सायकल, रमतगमत, ताशी 16 किमीच्या आत: 4
- सायकल, ताशी 16 ते 19 किमी: 6.8
- पोहणं, आरामात: 6
- दोरीवरच्या उड्या, मिनिटाला शंभरच्या आत: 8.8
- बॅडमिंटन, मित्रांमध्ये: 5.5
- फुटबॉल, गल्लीतला साधा खेळ: 7
- हठयोगाची आसनं: 2.5
- सूर्यनमस्कार: 3.3
- वजनं उचलणं, साधारण: 3.5, जोरदार: 6
- जोर, बैठका, उठाबशा यांसारखा व्यायाम, मध्यम: 3.8, जोरदार: 8
- कुस्ती: 6

दोन आकड्यांमध्ये अडलात तर खालचा घ्या. माणसाचा स्वतःबद्दलचा अंदाज वरच्या बाजूलाच झुकतो, त्यामुळे खालचा आकडा घेतला की हिशोब बराचसा खऱ्याजवळ येतो.

सूर्यनमस्काराचा आकडा बघून काहींना वाईट वाटेल. 3.3 हा सावकाश, श्वासाबरोबर घातलेल्या नमस्कारांचा आहे. दम लागेपर्यंत भराभर घालत असाल तर दुसऱ्या पायरीतली कसोटी घ्या आणि वाक्य खरंच तुटत असेल तर मध्यम व्यायामाच्या थोडं वर, 4 ते 5 धरा. 8 धरू नका.

## 4. गुणाकार करा, पण आधी एक वजा करा

सूत्र असं:

(मेट आकडा − 1) × वजन किलोमध्ये × मिनिटं ÷ 60

हा एक कशासाठी वजा करायचा, तर त्या वेळात तुम्ही घरी पेपर वाचत बसला असता तरी एक मेट इतकी ऊर्जा गेलीच असती. दिवसभराच्या जेवणाच्या हिशोबात ती आधीच आहे. ती व्यायामातही धरली की तोच खर्च दोनदा लिहिला जातो. हलक्या व्यायामाला या चुकीचा फटका जास्त बसतो. हठयोगाचा 2.5 मधला एक गेला की 1.5 उरतो, म्हणजे आकडा चाळीस टक्क्यांनी उतरतो. पळण्याच्या 9.8 मधून एक गेला तर दहा टक्के फरक पडतो.

वरच्याच माणसाचं उदाहरण. वजन 68, चाल ताशी 4.8, खरा वेळ 50 मिनिटं:

(3.5 − 1) × 68 × 50 ÷ 60 = 142 कॅलरी

एक वजा केला नसता तर 198 आले असते.

ट्रेडमिलच्या पडद्यावरचा आकडा बहुधा हे एक वजा न केलेला असतो. वजन भरलं नसेल तर यंत्र स्वतःच्या मनानं एखादं वजन धरून चालतं. समोरच्या दांड्याला धरून चालत असाल तर शरीराचा भार हातांवर जातो, खर्च कमी होतो आणि पडद्याला ते कळत नाही.

## 5. चालणं-पळणं असेल तर अंतरावरून पडताळा

आधीच्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. दुसऱ्या वाटेनं तोच आकडा काढून बघा.

- सपाटीवर चालणं: वजन × किलोमीटर × 0.5
- पळणं: वजन × किलोमीटर × 0.9 ते 1

आपला माणूस 50 मिनिटांत 4 किलोमीटर गेला. 68 × 4 × 0.5 = 136. आधीचा आकडा 142. दोन्ही इतके जवळ आले की हिशोब जुळला असं समजा.

ही पद्धत चालण्याला ताशी 3 ते 6 किमीपर्यंत चांगली लागू पडते. त्याहून भरभर चाललात तर दर किलोमीटरचा खर्च चढत जातो, तिथं मेट आकडाच वापरा. सायकल आणि पोहणं यांना अंतराचं सूत्र लावू नका.

दहा हजार पावलांचंही इथंच कळतं. 69 सेंटिमीटरच्या पावलानं ते 6.9 किलोमीटर होतात, आणि 68 किलोला 235 कॅलरी. ‘दहा हजार पावलं म्हणजे पाचशे कॅलरी’ हे ऐकीव गणित या वजनाला दुपटीनं चुकतं.

तपासा: दोन पद्धतींच्या उत्तरांत पाचव्या हिश्श्याहून जास्त फरक आला तर बहुतेक वेळा वेग चुकीचा धरलेला असतो. दुसऱ्या पायरीकडे परत जा.

## 6. चढ असेल तर तो वेगळा मिळवा

पन्हाळा, जोतिबा, कात्यायनीकडची टेकडी अशा वाटांना सपाटीचं सूत्र अपुरं पडतं. चढाचा खर्च उंचीवर ठरतो. दर 100 मीटर उंची चढायला वजनाच्या दर किलोमागे 0.9 कॅलरी मिळवा.

62 किलोची बाई 5 किलोमीटर चालली आणि त्यात 250 मीटर उंची चढली. सपाटीचे 62 × 5 × 0.5 = 155. चढाचे 62 × 2.5 × 0.9 = 140. एकूण 295. चढ विसरला असता तर जवळजवळ निम्मा खर्च वहीत आला नसता. हिशोब फुगवण्याच्या चुकांमध्ये ही एकच चूक उलट दिशेची आहे.

पन्हाळा भोवतालच्या सपाटीपासून सुमारे 400 मीटर उंच आहे. पायथ्यापासून पायी चढलात तर 62 किलोला फक्त चढाचेच 220 च्या पुढे जातात. पण गाडी वर नेऊन लावली आणि तटबंदीवरून फिरलात तर ते सपाटीचं चालणं. गडावर गेलो म्हणून चढ मिळवायचा नाही. उंचीचा आकडा पायथ्याशी आणि वर, मोबाइल मिनिटभर स्थिर धरून घ्या, कारण चालता चालता दिसणारी उंची उड्या मारते.

उतरताना काही मिळवू नका, सपाटीचं अंतर तेवढं धरा. पाठीवर पाच-सात किलोची सॅक असेल तर चढाच्या हिशोबात ती वजनात मिळवायची.

## 7. तालमीतला व्यायाम तुकड्यांत मोडा

कोल्हापुरात हा भाग टाळून चालणार नाही, आणि हिशोब सगळ्यात जास्त फुगतो तोही इथंच. पोरगा पहाटे तालमीत गेला आणि अडीच तासांनी आला. घरचे अडीच तास धरतात, कुस्ती म्हणजे सगळ्यात अवघड म्हणून 8 चा आकडा लावतात. 80 किलोच्या पैलवानाचे 1600 निघतात आणि त्या मानानं खुराक वाढतो.

त्या अडीच तासांत काय काय असतं ते बघा. लंगोट कसणं, हौद्यातली माती उकरणं, जोर, बैठका, जोड, वस्ताद दुसऱ्याला डाव समजावत असताना बाजूला उभं राहणं, अंगाला माती लावून बसणं, शेवटी मालिश. प्रत्येक तुकड्याला वेगळा वेळ आणि वेगळा आकडा हवा.

वेळ लिहायला तालमीबाहेरचा एखादा मित्र किंवा धाकटा भाऊ आठवडाभर बसवा. मातीच्या हातानं स्टॉपवॉच जमत नाही. समजा नोंद अशी आली: जोर-बैठका जोरदार, 25 मिनिटं. जोड, प्रत्यक्ष झटापट 30 मिनिटं. बाकी सगळं उभं राहणं आणि बसणं.

- जोर-बैठका: (8 − 1) × 80 × 25 ÷ 60 = 233
- जोड: (6 − 1) × 80 × 30 ÷ 60 = 200

एकूण 433. माती उकरण्याचे वेगळे मोजायचे असतील तर 15 मिनिटांना आणखी 60-80 धरायला हरकत नाही, फावडं नीट चालवलं असेल तर. सगळं मिळून पाचशेच्या आसपास, सोळाशे नव्हे.

कसलेल्या जोडीदाराबरोबर सलग झटापट झाली तर कुस्तीचा 6 आकडा कमी पडू शकतो. अशा दिवशी 6 आणि 8 असे दोन हिशोब करून दोन्ही लिहा. तरीही वाढत्या वयाच्या पोराचा खुराक अशा आकड्यांवरून कापू नका. त्याच्या शरीराला वाढीसाठी आणि दुरुस्तीसाठी जे लागतं, ते या सूत्रात येतच नाही. आकड्याचा उपयोग सराव कमी-जास्त झाला का, हे बघण्यापुरता.

पेठेतल्या फुटबॉलवाल्यांनीही हाच नियम लावावा. मैदानावर प्रत्यक्ष खेळलेली मिनिटं धरायची, बाहेर बदली म्हणून बसलेली नाहीत.

## 8. एक आकडा लिहू नका, दोन लिहा

सूत्र कितीही नीट लावलं तरी सारख्या वजनाच्या दोन माणसांचा खर्च सारखा नसतो. वय, स्नायूंचं प्रमाण, चालण्याची लकब, सवय या सगळ्यांचा फरक पडतो. म्हणून उत्तराच्या खाली आणि वर पाचवा हिस्सा सोडा. 142 आले तर वहीत ‘115 ते 170’. ‘142.3’ असं लिहिलं की तो आकडा उगाच खरा वाटायला लागतो.

वहीतली ओळ अशी असावी: तारीख, व्यायाम, खरा वेळ, अंतर, चढ, बोलण्याच्या कसोटीचं उत्तर, खालचा आकडा, वरचा आकडा. खाण्याशी तुलना करताना नेहमी खालचा आकडा वापरा.

तुलनेसाठी थोडी मापं पाठ असू द्या. एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिली तेल, सुमारे 120 कॅलरी. साखरेचा चहाचा चमचा 20. म्हशीच्या दुधाचा 250 मिलीचा ग्लास 200 च्या वर. मिसळीच्या वाटीवर तरंगणारी तर्री दोन चमचे जरी भरली, तरी वरच्या माणसाचं सकाळचं 50 मिनिटांचं चालणं त्यात पूर्ण बुडतं. मिसळ बंद करा असं माझं म्हणणं नाही. रविवारी खा, चवीनं खा. फक्त ‘चाललो म्हणून फिटली’ असा हिशोब करू नका.

इशारा: व्यायामाच्या दिवशी उरलेला दिवस सोफ्यावर जातो का, याकडेही लक्ष द्या. सकाळी 140 खर्च करून एरवी पायी होणारी बाजाराची फेरी गाडीवर केली, तर त्यातला बराच भाग परत जमा होतो आणि वहीत ते कुठेच दिसत नाही.

## 9. चार आठवड्यांनी काट्याशी ताळा घ्या

एका किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी असतात. आठवड्याला 1000 कॅलरींचा जादा व्यायाम झाला आणि जेवण अगदी तेच राहिलं, तर कागदावर आठवड्याला 130 ग्रॅम कमी व्हायला हवेत. मीठ, पाणी आणि पोट साफ होणं न होणं यांमुळे वजन एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होतं. त्या हेलकाव्यात 130 ग्रॅम शोधून सापडत नाहीत. म्हणून रोजचं वजन लिहा, पण तुलना करताना पहिल्या आठवड्याची सरासरी आणि चौथ्या आठवड्याची सरासरी घ्या.

वजन हललंच नाही तर पहिला संशय जेवणावर, दुसरा पहिल्या पायरीतल्या वेळेवर, आणि सगळ्यात शेवटी सूत्रावर घ्या. अंदाजापेक्षा फार जास्त उतरलं आणि तुम्ही जाणूनबुजून खाणं कमी केलेलं नसेल, तर खूश होऊन पुढे जाऊ नका, डॉक्टरांकडे तपासून घ्या.

पावसाळ्यात रंकाळ्याची फेरी बंद पडून घरात किंवा जिन्यावर व्यायाम सुरू झाला तर वहीत नवं पान करा. जुन्या पानाशी सरासरी जोडू नका. जिन्याला सावकाश चढताना 4 आणि भरभर चढताना 8.8 असे आकडे आहेत, आणि ते फक्त चढण्याच्या मिनिटांना लावायचे.

वजन दोन किलोनं बदललं की सूत्रातलंही बदला. आणि दर तीन महिन्यांनी तो मोजलेला एक किलोमीटर पुन्हा घड्याळ लावून चाला. सवयीनं चाल वाढलेली असते आणि वहीत अजून जुनाच 3.5 चालू असतो.